अपुऱ्या दिवसांचं बाळ वाचण्याची शक्यता किती? आधी सांगा, जन्मलं कुठे

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एक मुलगा जन्मला. वजन सुमारे २८५ ग्रॅम, म्हणजे पाव किलोहून जेमतेम जास्त. आईला तेव्हा बरोबर २१ आठवडे झाले होते. दिवस भरायला आणखी १९ आठवडे होते. सहा महिने तो युनिव्हर्सिटी ऑफ आयोवाच्या बालरुग्णालयात राहिला, जानेवारी २०२५ मध्ये घरी गेला. पुढे गिनेसने सर्वांत लवकर जन्मूनही जगलेलं बाळ म्हणून त्याची नोंद केली. त्याच्या आधीचा विक्रम २१ आठवडे १ दिवस, अलाबामा राज्यातला, २०२० सालचा. तो एका दिवसाने मोडला.

अशी बातमी आली की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि ज्यांचं बाळ नेमकं त्या दिवसांत पेटीत ठेवलंय, त्यांच्यापर्यंत कोणीतरी मामा-काका ती पोचवतोच. "बघ, हे २१ आठवड्यांचं जगलं. आपलं तर २६चं आहे." हेतू धीर देण्याचाच असतो. पण अलाबामाच्या त्या मुलाबरोबर त्याची जुळी बहीणही जन्मली होती. आई तीच, रुग्णालय तेच, आठवडे तेवढेच. ती दुसऱ्याच दिवशी गेली. फॉरवर्डमध्ये ती नसते.

मग अशा बाळाची शक्यता खरी किती? डॉक्टर जो टक्का सांगतात, तो कुठून येतो? आणि वाचलेलं बाळ पुढे कसं वाढतं? माझं म्हणणं असं की आठवडे सांगितले की अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं बाळ कुठे जन्मलं आणि त्या पहिल्या तासात तिथल्या लोकांनी काय केलं, यात असतं.

आठवडे मोजायचे कुठून?

गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे '२४ आठवड्यांचं' बाळ पोटात खरं तर २२ आठवडेच वाढलेलं असतं. ४० आठवडे म्हणजे पूर्ण दिवस, ३७च्या आधी जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचं. यांतली बहुतेक बाळं ३२ ते ३७ आठवड्यांमधली असतात आणि थोडी जास्त काळजी घेतली की सुखरूप घरी जातात. २८ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेली बाळं मात्र वेगळी. अपुऱ्या दिवसांच्या दर शंभर बाळांत अशी चार-पाच असतात, वजन एक किलोच्या अलीकडे-पलीकडे. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. पाळीची तारीख नक्की आठवत नसेल तर पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी आठवड्याभराच्या फरकाने दिवस सांगते. सातव्या महिन्यात पहिल्यांदाच सोनोग्राफी केली तर दोन-तीन आठवड्यांची चूक सहज होते. बाळ २३ आठवड्यांचं की २५चं, यावर पुढचं सगळं ठरणार असेल तर ही चूक फार महाग पडते. आपल्याकडे बाळंतपणाला माहेरी जातात आणि फाइल सासरी कपाटात राहते. ती फाइल पिशवीत आधी टाका, साड्या नंतर.

आणि हो, सातव्या महिन्यातलं जगतं पण आठव्यातलं जगत नाही, हे आजीकडून ऐकलेलं असेल तर विसरून जा. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूचाच असतो. आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा नेहमीच जास्त भक्कम.

२२ आठवड्यांच्या आसपास भिंत का आहे?

कारण मुख्यतः फुप्फुसं. पोटात असताना बाळाला श्वास घ्यावा लागत नाही. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो. बाहेर आल्यावर मात्र हवा आणि रक्त एकमेकांच्या अगदी जवळ यावे लागतात. २२ आठवड्यांच्या आधी फुप्फुसांत तशी जागाच जवळपास तयार झालेली नसते. मग कितीही भारी व्हेंटिलेटर आणला तरी हवा जाऊन करणार काय?

जागा तयार झाल्यावर पुढची अडचण येते. पावसात भिजलेली प्लास्टिकची पिशवी उघडून बघा; दोन्ही बाजू चिकटून बसलेल्या असतात, फुंकर मारली तरी सुटत नाहीत. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे आतून ओले असतात आणि श्वास सोडला की असेच चिकटतात. ते चिकटू नयेत म्हणून शरीर साबणासारखा एक पातळ थर तयार करतं. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो साधारण २४ आठवड्यांनंतर हळूहळू बनू लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे उजाडतात. त्याच्याविना बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्याच जोराने घ्यावा लागतो. काही तासांत ते दमतं.

बाकीचे अवयवही कच्चेच. कातडी इतकी पातळ की तिच्यातून पाणी आणि ऊब दोन्ही निघून जातात; चिकटपट्टी काढताना कातडी सोलून निघू शकते. म्हणून अशा बाळाला जन्मल्यावर पुसतही नाहीत. ओल्या अंगानेच गळ्यापर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालतात, डोक्यावर टोपी, वर उष्णता देणारा दिवा. मेंदूत खोलवर बारीक, नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तदाब जरा वरखाली झाला तरी ते फुटू शकतं. असा रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो. त्यामुळे त्या दिवसांत नर्स बाळाला शक्य तितकं कमी हलवतात. बाहेर उभ्या नातेवाइकांना वाटतं, कोणी काही करतच नाहीये.

मग आता वाचतात ती कशी?

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे लवकर, वजन २ किलोच्या वर. आजच्या हिशेबाने हे बाळ 'थोडं आधी आलेलं' एवढंच. पण त्याला श्वास जमेना, आणि जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाचं ते मूल ३९ तासांत गेलं. या आजाराचं मूळ सरफॅक्टंटच्या अभावात आहे, हे मेरी एलन एव्हरी या डॉक्टरने १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं. कारण माहीत होतं, औषध नव्हतं.

औषधाची पहिली वाट न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांमधून निघाली. ग्रॅहॅम लिगिन्स हे डॉक्टर प्रसूती सुरू कशी होते ते शोधत होते. त्यासाठी स्टेरॉइड दिलेल्या मेंढीचं कोकरू फार लवकर जन्मलं, खरं तर ते मरायला हवं होतं, पण ते श्वास घेत होतं. त्यावरून लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवलं की बाळ लवकर येण्याची चिन्हं असतील तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यावीत. बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. हे औषध आज अक्षरशः काही रुपयांत मिळतं. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी बाहेरून दिलेलं सरफॅक्टंट बाळाच्या फुप्फुसात सोडून दाखवलं. १९९० नंतर ते जगभर मिळू लागलं.

मधल्या काळात चुकाही झाल्या, आणि त्यातल्या एकीचा धडा आजही प्रत्येक एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दिसतो. १९४०-५०च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत सढळ हाताने ऑक्सिजन देत. बाळं जगायची आणि आंधळी व्हायची. जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट रक्तवाहिन्या भलत्याच दिशेने वाढतात, हे कळायला हजारो मुलांची नजर जावी लागली. गायक स्टीव्ही वंडर यांची दृष्टी अशीच गेली. मग ऑक्सिजन एकदम आखडता घेतला, तर मृत्यू वाढले. आता बाळाच्या पायाला लावलेल्या लाल दिव्याच्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. तो ९९ दिसला की आईबाप खूश होतात आणि नर्स धावत येऊन ऑक्सिजन कमी करते.

"डॉक्टर म्हणाले ५० टक्के." कशाचे ५०?

सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून बघू.

अमेरिकेतल्या मोठ्या शिक्षण-रुग्णालयांच्या एका गटाने २०१३ ते २०१८ मधल्या २२ ते २८ आठवड्यांच्या बाळांचा हिशेब प्रसिद्ध केला. २२ आठवड्यांच्या बाळांपैकी घरी गेली १०.९ टक्के. त्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे: २२ आठवड्यांच्या ज्या बाळांवर पूर्ण उपचार केले, त्यांपैकी वाचली ३० टक्के. एकाच काळातली, त्याच रुग्णालयांतली बाळं, आणि आकडे दोन. फरक भागाकारात खाली काय घेतलं त्याचा. पहिल्यात जिवंत जन्मलेली सगळी बाळं मोजली, दुसऱ्यात फक्त उपचार मिळालेली. म्हणजे २२ आठवड्यांच्या बहुतेक बाळांवर उपचार सुरूच झाले नव्हते. त्यांना ऊब देऊन, आईच्या कुशीत ठेवून निरोप दिला होता.

२३ आठवड्यांना हेच आकडे ४९.४ आणि ५५.८ आहेत. दरी मिटत आली, कारण तिथे बहुतेकांवर उपचार होतात. २८ आठवड्यांना तर ९४ टक्के वाचतात.

आता दुसरी गाठ. याच गटातल्या रुग्णालयांचा २००६ ते २०११ मधला अभ्यास सांगतो की २२ आठवड्यांच्या बाळांवर उपचार करायचे की नाही, याबाबत रुग्णालयागणिक जमीन-अस्मानाचा फरक होता. काही ठिकाणी जवळजवळ कोणावरच नाही, काही ठिकाणी सगळ्यांवर. जिथे 'ही जगत नाहीत' असं मानलं जातं तिथे उपचार होत नाहीत. उपचार होत नाहीत म्हणून ती जगत नाहीत. आणि तो आकडा पुढच्या आईला पुरावा म्हणून सांगितला जातो. जपानमध्ये २२ आठवड्यांच्या बाळांवर गेली अनेक वर्षं नेमाने उपचार होतात आणि तिथले निकाल जगात सर्वांत चांगले आहेत. जपानी बाळांची फुप्फुसं काही वेगळी नसतात.

म्हणून डॉक्टरांनी टक्का सांगितला की विचारा: हा आकडा कुठल्या देशाचा? जिवंत जन्मलेल्या सगळ्यांचा, की एनआयसीयूत दाखल झालेल्यांचा? आणि या रुग्णालयात गेल्या दोन-तीन वर्षांत एवढ्या आठवड्यांची किती बाळं आली, किती घरी गेली? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण चांगल्या एनआयसीयूकडे ही नोंद असते आणि ती सांगायला कोणाला राग येऊ नये.

आठवड्यांशिवाय आणखी चार गोष्टी पारडं फिरवतात: वजन, मुलगी की मुलगा (मुली जास्त तगतात), एकटं की जुळं, आणि आईला स्टेरॉइड मिळालं होतं की नाही. यातली फक्त शेवटचीच माणसाच्या हातात आहे.

वाचेल, पण कसं वाचेल?

हा प्रश्न आईबाप मोठ्याने विचारत नाहीत. आत्या विचारते. प्रश्न मात्र रास्त आहे.

२०१३ ते २०१८च्या त्याच अमेरिकी अभ्यासात २७ आठवड्यांच्या आत जन्मून वाचलेल्या मुलांना दोन वर्षांनी तपासलं. साधारण निम्म्या मुलांना (४८.७ टक्के) काहीच अडचण नव्हती किंवा किरकोळ होती. २९.३ टक्क्यांना मध्यम, २१.२ टक्क्यांना गंभीर. हातापायांचं मध्यम किंवा गंभीर लुळेपण, ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, ८.४ टक्क्यांना. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही अशी १.५ टक्के. आणि निम्म्या मुलांना या दोन वर्षांत पुन्हा कधीतरी दवाखान्यात भरती व्हावं लागलं होतं, बरीचशी श्वासाच्या त्रासासाठी.

स्वीडनने २००४ ते २००७ मध्ये २७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या देशातल्या सगळ्या मुलांचा माग ठेवला. साडेसहा वर्षांची झाली तेव्हा वाचलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांना कसलंही अपंगत्व नव्हतं, ३० टक्क्यांना सौम्य, २० टक्क्यांना मध्यम आणि १३ टक्क्यांना गंभीर.

म्हणजे 'ही मुलं मतिमंदच निघतात' हेही खोटं आणि 'एकदा घरी आलं की सुटलो' हेही खोटं. सौम्य अडचण म्हणजे काय, तेही समजून घ्यायला हवं, कारण ती दोन वर्षांच्या तपासणीत निसटते. पेन्सिल धरायला उशीर, गणितात अडखळणं, वर्गात लक्ष न टिकणं, जिन्यावर पावलं मोजून टाकणं. मास्तर म्हणतात हुशार आहे पण आळशी आहे. मुलगा २६ आठवड्यांचा होता, हे शाळेला कोणी सांगितलेलंच नसतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो: विज्ञान पुढे गेलं, म्हणजे अपंग मुलंच जास्त वाचवतोय ना? इंग्लंडचे आकडे बघा. १९९५ मध्ये एनआयसीयूत दाखल झालेल्या २६ आठवड्यांच्या आतल्या बाळांपैकी सुमारे ४० टक्के वाचत होती, २००६ मध्ये ५३ टक्के. वाचलेल्यांमधलं गंभीर अपंगत्वाचं प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. याचा अर्थ सरळ आहे: धडधाकट मुलांची संख्या वाढली आणि अपंग मुलांचीही वाढली, कारण एकूण वाचणारीच वाढली. आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्याचं उत्तर या मुलांसाठी शाळा, थेरपी, चाकाची खुर्ची आणि पैसा हे आहे. एनआयसीयू बंद करणं हे नव्हे.

"मग एवढा आटापिटा करून वाचवायचंच कशाला?"

कोणाच्या दृष्टीने, यावर ते अवलंबून आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात भारतीय वंशाच्या डॉ. सरोज सैगल यांनी १९७७ ते १९८२ मध्ये एक किलोच्या आत वजनाच्या जन्मलेल्या मुलांचा माग ती मोठी होईपर्यंत सोडला नाही. किशोरवयात त्यांनाच विचारलं, तुमचं आयुष्य कसं चाललंय? त्यांच्यात दृष्टीच्या, हालचालीच्या, शिकण्याच्या अडचणी इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होत्या. तरी बहुतेकांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेले गुण पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळपास होते. विशीत त्यांतल्या ८२ टक्क्यांनी शाळा पूर्ण केलेली होती. बरोबरीच्या मुलांत ८७ टक्क्यांनी. याच चमूने नंतर आणखी एक गोष्ट तपासली: गंभीर अपंगत्व असलेल्या आयुष्याला कोण किती गुण देतं? डॉक्टर आणि नर्स यांनी आईबापांपेक्षा आणि त्या मुलांपेक्षा कमी गुण दिले.

मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. पहाटे तीन वाजता लेबर रूमबाहेर 'काय करायचं ते ठरवा' असं सांगणारा माणूस बहुधा आपल्या अनुभवाने बोलतो, आणि त्याने जास्त करून पहिले तीन महिनेच पाहिलेले असतात. तिसरीतला मुलगा त्याला भेटत नाही.

पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी. २२-२३ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूत दोन्हीकडे मोठा रक्तस्राव झाला, आतडं सडलं, फुप्फुसं हार मानतायत, अशा वेळी नळ्या काढून बाळ आईच्या छातीशी देणं याला हार म्हणू नये. म्हणूनच अनेक देशांत २२ ते २४ आठवड्यांच्या पट्ट्यात आईवडील आणि डॉक्टर मिळून ठरवतात. त्याच्या खूप अलीकडे किंवा पलीकडे असलं की निर्णय तुलनेने सोपा असतो. आपल्याकडे या चर्चेत आई बहुतेक वेळा नसतेच. ती वरच्या मजल्यावर सलाइनवर असते आणि सही दुसऱ्यानेच केलेली असते.

कायद्याचा प्रश्नही याला चिकटून आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर भारतात ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवडे ५ दिवसांच्या गरोदर विवाहितेला परवानगी नाकारली. बाळ बाहेर जगू शकेल का, हा मुद्दा त्या सुनावणीत सारखा येत होता. यंत्रं सुधारली की ही रेघ आणखी अलीकडे सरकेल, आणि मग बाईच्या हक्काची रेघही सरकवायची का, हा वाद होणारच आहे. माझ्या मते या दोन रेघा एकच मानणं चूक आहे. बाळ वाचू शकतं, हा एनआयसीयूचा मुद्दा झाला. बाईने काय सोसावं, हा वेगळा.

आपल्याकडे काय परिस्थिती?

२०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, त्यांतली ३० लाख भारतात. एवढी कुठल्याच दुसऱ्या देशात नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की २८ आठवड्यांच्या आतली बाळं गरीब देशांत दहापैकी नऊहून जास्त दगावतात, श्रीमंत देशांत दहात एकापेक्षा कमी. महाराष्ट्रात ही दोन्ही टोकं एकाच राज्यात, कधी एकाच जिल्ह्यात सापडतात. मुंबई-पुण्यातल्या चांगल्या एनआयसीयूत २६-२७ आठवड्यांचं बाळ वाचणं ही आता पेढे वाटण्याची गोष्ट असली तरी चमत्कार नाही. तेच बाळ एखाद्या पाड्यावर जन्मलं तर पहिला तासही अवघड.

मध्ये आहेत जिल्हा रुग्णालयांतले एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचे विशेष कक्ष. तिथे ऊब, ऑक्सिजन, कावीळीचा निळा दिवा, सलाइन, आणि आता बऱ्याच ठिकाणी नाकातून दाबाने हवा देणारं सीपॅप मिळतं, तेही मोफत. तीस-बत्तीस आठवड्यांच्या बाळासाठी एवढं बरंच आहे, २५ आठवड्यांच्या बाळाला पुरत नाही. आणि यंत्रापेक्षा माणसं लागतात. इतक्या लहान बाळामागे एक, फार तर दोघांमागे एक नर्स हवी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षात आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा यंत्र बसवणं आणि यंत्राची देखभाल करणं यांतलं अंतर सगळ्या राज्याला दिसलं.

याउलट, साध्या गोष्टींनी किती फरक पडतो हेही महाराष्ट्रानेच दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली: ऊब, दूध, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर औषध. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आज आशाताई घरी येऊन बाळाचं वजन करतात, ती पद्धत तिथून आली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. आईचं दूध इथे औषधाइतकं महत्त्वाचं, कारण डब्याच्या दुधाने अशा बाळाचं आतडं सडण्याचा धोका वाढतो. सुरुवात होते एखाद्या मिलिलिटरने, दर दोन-तीन तासांनी, नाकातोंडातून पोटात गेलेल्या नळीतून. आईने पिळून आणलेला चीक तेवढाच निघाला तरी ती निराश होते. बाळाला मात्र त्या दिवशी तेवढाच लागतो.

आणि कांगारू पद्धत. बाळाला फक्त लंगोट-टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर उभं बांधून ठेवायचं. सुरुवात १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात झाली, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता लगेच आईला बांधलं, तर मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर आले. अभ्यास मध्येच थांबवला. उरलेल्या बाळांना यापासून दूर ठेवणं योग्य नव्हतं. यासाठी आईला बाळंतिणीच्या खोलीतून उठवून एनआयसीयूत आरामखुर्ची द्यावी लागते. सव्वा महिना बाहेर पडायचं नाही, हा नियम असलेल्या घरांत तेही सांगून पटवावं लागतं. वडील, मावशी, आजी कोणीही छातीवर घेऊ शकतं.

कळा लवकर सुरू झाल्या तर?

पाणी गेलं, पोट दर काही मिनिटांनी दगडासारखं होतंय, अंगावर जातंय, तर वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. जिथे एनआयसीयू आहे तिथे बाळ पोटात असतानाच पोचणं, हा सर्वांत चांगला प्रवास. बाळ झाल्यावर रुग्णवाहिकेतून नेणं त्याहून खूपच धोक्याचं. निघण्याआधी जवळच्या केंद्रात स्टेरॉइडचा पहिला डोस मिळतो का ते विचारा. २४ ते ३४ आठवड्यांत तो देऊनच पुढे पाठवावं, असं सरकारी मार्गदर्शन आहे. घाई नसेल तर चार इंजेक्शनं, दर बारा तासांनी. पण एक मिळालं तरी बिनमोलाचं.

घरी आल्यावर

बाळाचं वय दोन प्रकारे मोजायला शिका. जन्मापासूनचं एक, आणि अपुरे आठवडे वजा करून दुसरं. तीन महिने आधी आलेलं मूल नऊ महिन्यांचं झालं तर बसणं, रांगणं सहा महिन्यांच्या मुलाशी ताडून बघायचं. साधारण दोन वर्षांपर्यंत. लसी मात्र जन्मतारखेनेच.

डोळ्यांची तपासणी चुकवू नका. ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोखालच्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत बघायला हवा, २८ आठवड्यांच्या आतल्यांचा दोन-तीन आठवड्यांतच. बाळ टुकुटुकु बघतंय म्हणून डोळे चांगले, असं नसतं. वेळेत लेझर केलं तर नजर राहते, आणि ही वेळ काही दिवसांचीच असते. ऐकण्याची तपासणीही तेव्हाच. वाढ मागे वाटली तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं केंद्र असतं, तिथे फिजिओथेरपी आणि बोलण्याची थेरपी होते.

आणि पुढची गोष्ट खुद्द मुलाने मोठेपणी लक्षात ठेवायची. स्वीडनमधल्या एका नोंदीत २२ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्यांपैकी २२.३ टक्के जण तारुण्यापर्यंत जगले आणि तेही कुठल्याही मोठ्या दुखण्याशिवाय. पूर्ण दिवसांच्यांत हाच आकडा ६३. हे लोक १८ ते ४३ वयाचे होते, म्हणजे जुन्या उपचारांच्या काळात जन्मलेले. आजच्या बाळांचे निकाल बरे असतील असं मानायला जागा आहे. पण यांच्यात रक्तदाब लवकर वाढतो, फुप्फुसांची ताकद जन्मापासून थोडी कमी असते. तेव्हा पंचविशीत नोकरीसाठी मेडिकल करताना डॉक्टरला सांगायचं की मी सव्वीस आठवड्यांचा जन्मलो होतो, बीपी नीट बघा. आणि सिगारेटला हात लावायचा नाही.